सिद्धराम ट्रेडिंग कंपनी

रेशनच्या दुकानातल्या मशीननं सुकन्याचा अंगठा पहिल्याच दणक्यात घेतला. एरवी चार-चारदा पदराला पुसून अंगठा टेकवावा लागायचा. खुरपं धरून धरून त्यावरच्या रेषा झिजल्या होत्या. आज दिवा लगेच हिरवा झाला म्हणून तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं, पण दुकानदार प्रभु मापाला हात लावीना.

"धान्य न्हाय," तो म्हणाला.

"संपलं?"

"धान्य हाय. तुमचं न्हाय. कार्ड बंद दावतंय."

"कशापायी?"

प्रभुनं मशीन तोंडाजवळ धरलं आणि डोळे बारीक करून वाचलं. "कुटुंबप्रमुख व्यापारी, करदाता. तुजा नवरा टॅक्स भरतोय म्हणं सरकारला."

मागची रांग खदखदून हसली. एक म्हातारी म्हणाली, "हमालाला कसला गं टॅक्स? पोत्यामागं कापत्यात का आता?" पुन्हा हसू उठलं. रांगेबाहेर, दुकानाच्या भिंतीशी ईरप्पा काठीवर भार टाकून उभा होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तोही दुधनीला सिद्धरामाबरोबर पोती वाहायचा. पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून कंबरेतून गेला. तो हसला नाही. त्यानं मान वळवून रस्त्याकडं बघितलं.

सुकन्या रिकामी पिशवी काखेत मारून वस्तीवर आली. आषाढ अर्धा सरला होता आणि पाऊस दोनदा शिंतडून गेला होता. तूर वीतभर येऊन मान टाकून उभी होती. पत्र्याच्या घरामागं वाघरीत, जाळीच्या कुंपणात मेंढरं दाटीवाटीनं उभी होती आणि सासरा बिरदेव एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन आतला काटा काढत होता.

"मामा, रेशन बंद केलं आपलं."

म्हाताऱ्यानं काटा काढला, बोटावर घेऊन बघितला आणि फेकून दिला. "चुकून झालं आसंल," तो म्हणाला.

सिद्धराम संध्याकाळच्या एसटीनं आला. खांद्यावर हमालीचा आकडा, सदऱ्यावर पोत्यांची धूळ. सुकन्यानं सांगितलं तेव्हा तो आधी हसला. "मी टॅक्स भरतोय? माज्या पायतानाला टाच न्हाय." मग हातातला भाकरीचा तुकडा त्यानं ताटात परत ठेवला.

पूनम चुलीपुढं बसली होती. घरातली बारावी झालेली ती पहिली. सोमवारी यादी लागली होती आणि सोलापूरच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर होता. फी माफ, वसतिगृह फुकट. फक्त उत्पन्नाचा दाखला आणि त्यावरचा नॉन क्रिमीलेअर शनिवारी पाचच्या आत द्यायचा होता. आज मंगळवार होता.

"आप्पा," ती म्हणाली, "दाखल्याचं उद्याच बघूया. रेशनचं बी तितंच इचारू."

बुधवारी तिघं तालुक्याला गेले. कचेरीबाहेर सेतू केंद्राच्या खिडकीशी दोन तास उभं राहून नंबर आला. आतल्या माणसानं आधार नंबर टाकला, थांबला, पुन्हा टाकला. मग त्यानं पडदाच बाहेरच्या बाजूला फिरवला.

"दाखला निघत नाही. हे कोण? तुम्हीच ना?"

पूनमनं काचेवर बोट ठेवून वाचलं. "सिद्धराम ट्रेडिंग कंपनी. सळई, पत्रा, सिमेंट. मालक, सिद्धराम बिरदेव..." तिचं बोट खाली सरकलं. "वार्षिक उलाढाल चार कोटी अकरा लाख. पत्ता घर नंबर सत्त्याऐंशी. आपलं घर हाय की हे."

सिद्धराम पडद्याकडं बघत राहिला. आपलं नाव त्यानं इतक्या मोठ्या अक्षरात कधी बघितलं नव्हतं.

वर नायब तहसीलदारांपुढं उभं राहून सुकन्यानं हात जोडले. "सायेब, घरी येऊन बघा. पन्नास मेंढरं आन पत्र्याची खोली, एवढंच हाय. पोरीची शीट जाईल."

"बाई, मला दिसतंय हो." साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पण कागदावर चार कोटी आहेत. त्यावर मी गरिबीचा दाखला दिला तर माझी नोकरी जाईल. आधी कर कार्यालयातून हे रद्द करून आणा."

"किती दिस लागत्याल?"

"ते मी कसं सांगू?"

खाली उतरताना सिद्धराम पायरीवरच बसला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी, मालकाचा दिवाणजी रुद्रप्पा सगळ्या हमालांकडून आधारकार्ड, लाइट बिल आणि फोटो घेऊन गेला होता. विमा काढायचाय म्हणाला होता. दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या होत्या. त्या दिवशी प्रत्येकाला पावशेर चिवडा मिळाला होता.

"चला," सुकन्या म्हणाली. "मालकाकडं जाऊ."

"तू कशाला?"

"तुमी त्येच्या म्होरं बोलत न्हाय म्हणून."

चनमल्लप्पाचं अडतीचं दुकान दुधनीत होतं आणि शेजारच्याच गाळ्यात सळई-सिमेंटचा धंदा. सिद्धराम अकरा वर्षं त्याच्याकडं होता. सुकन्या आणि पूनम उंबऱ्याबाहेर थांबल्या. आत गादीवर लोडाला टेकून चनमल्लप्पा पंख्याचं तोंड आपल्याकडं फिरवत होता.

"बा, बा सिद्धा, ये ये! पोरगी नर्स होणार म्हणं. लई चांगलं."

सिद्धरामानं उभ्यानंच सगळं सांगितलं. अर्धं बोलून झाल्यावर त्याचा आवाज खाली गेला. चनमल्लप्पानं मान हलवत ऐकून घेतलं, जसं काही दुसऱ्याच्या गावातली गोष्ट आहे.

"आता झालंय ते झालंय," तो म्हणाला. "धंद्यात चार नावं लागत्यात. माल कुणाच्या तरी नावानं फिरवावा लागतोय, न्हाईतर सरकार जगू देत न्हाय. तुजं एक नाव वापरलं. तुजं काय गेलं?"

"रेशन गेलं, मालक. पोरीचा दाखला गेला."

"रेशन मी देतो. म्हैन्याला एक पोतं गहू. आन पोरीला खासगी कॉलेजात घालू. फी माजी. मग दाखला कशाला पायजे?" त्यानं पाण्याचा तांब्या तोंडावर उचलून दोन घोट घेतले. "परवा एक बाई येतीया तुज्या घरी, कर खात्याची. कंपनी तुजी का म्हणून इचारंल. व्हय म्हणायचं. एवढंच."

"आन न्हाय म्हणालो तर?"

चनमल्लप्पा हसला नाही, रागावलाही नाही. "आधार तुजं. बिल तुजं. सही तुजी. छत्तीस लाखाचा कर थकलाय त्यो तुज्या कंपनीचा. मी कुटं हाय त्येच्यात?"

सुकन्या उंबऱ्याच्या आत आली. "अण्णा, तुमी सरकारचं बुडवलं आन सरकारनं आमच्या पानातलं काढून घेतलं. ह्यो कुटला न्याय?"

"सिद्धा," चनमल्लप्पा तिच्याकडं न बघता म्हणाला, "त्यो गव्हाचा कट्टा उचल. टेम्पो तुमच्याकडंच चाललाय."

 सिद्धराम रोजच्या सवयीनं गुडघ्यात वाकला, कट्ट्याला आकडा लावला आणि तो पाठीवर घेऊन टेम्पोत टाकला.

कट्टा घरात दाराआड उभा राहिला. घरात दोन दिवसांची ज्वारी होती, पण सुकन्यानं कट्ट्याची सुतळी उसवली नाही आणि सिद्धरामानंही उसव म्हटलं नाही. येता-जाता सगळ्यांना त्याला वळसा घालावा लागत होता.

गुरुवारी सकाळी रुद्रप्पा मोटारसायकलवर आला. मागं पत्र्याची पाटी बांधलेली. कुणाला न विचारता त्यानं दाराच्या वर चार खिळे मारले. हातोडीच्या आवाजानं वाघरीतली मेंढरं एका कोपऱ्यात गोळा झाली.

"काय लिवलंय?" बिरदेवनं विचारलं.

"सिद्धराम ट्रेडिंग कंपनी," पूनम म्हणाली.

म्हाताऱ्यानं पाटी खालून वर बघितली. "माज्या बापानं बांधलेल्या भिंतीत खिळा मारलास. इचारायचं तरी."

रुद्रप्पा हात झाडत म्हणाला, "उद्या मी येतो कंपनीचा हिशेबनीस म्हणून. सिद्धा, तू तोंड उघडू नगं, नुसती मान हलव. गोडाऊन दुधनीला हाय म्हणायचं. आन एक ध्यानात धर. कर वसूल करायला आले तर घरात काय सापडतंय ते नेत्यात. मेंढरं बी."

तो गेला. बिरदेव वाघरीपाशी जाऊन बसला. त्या दिवशी त्यानं मेंढरं चरायला सोडायला दुपार केली. रस्त्यानं एखादी गाडी आली की तो काठी धरून उभा राहायचा.

दुपारी सुकन्या कांद्याच्या रोपाला खुरपायला गेली. ओळ संपवून कंबर ताठ करताना तिला ईरप्पाची बायको सोजरबाई बांधावर दिसली. ती थोडा वेळ घुटमळली आणि जवळ आली.

"तुमची बी कंपनी निघाली म्हणं."

सुकन्यानं खुरपं थांबवलं. "बी म्हंजे?"

"आमच्यांची फरशीची हाय. सा म्हैनं झालं, निराधारचं मानधन बंद केलंय. मोठं यापारी झालात म्हणून." सोजरबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दिवाणजी म्हैन्याला हजार देतोय. पयलं दोन म्हैनं दिलं. आता येतच न्हाय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"कुणाला बोलायचं? धड चालता येईना झालंय त्यांस्नी. जेलात पायखान्याला कोण नेईल?"

संध्याकाळी सुकन्यानं हे सगळं सांगितलं. सिद्धराम आकड्याचं टोक दगडावर घासत होता. हात थांबला नाही.

"आप्पा," पूनम म्हणाली, "मालक तीन वर्षं फी भरत्याल का? आन भरली तरी दर वर्षी कुणीतरी इचारायला येणार. दर वर्षी आपण व्हय म्हणायचं?"

"न्हाय म्हणालो तर तुजी शीट जाईल, पोरी. व्हय म्हणालो तरच कॉलेज हाय."

"ती शीट मला मिळाली होती. ती गेली तर गेली. पण त्येच्या पैशाची नगं."

सिद्धरामानं आकडा खाली ठेवला. "तुला सांगायला सोपं हाय. उद्या मला कुणी पोतं उचलू देणार न्हाय. दुधनीत न्हाय, कुटंच न्हाय." तो उठला आणि कट्ट्याला अंग घासून बाहेर गेला.

शुक्रवारी साडेअकराला पांढरी जीप आली. त्यातून कर अधिकारी बाई उतरल्या, मागं लॅपटॉप घेतलेला एक कारकून. रुद्रप्पा आधीच येऊन बाजेवर बसला होता. तो लगबगीनं उठला, "या मॅडम, या." त्यानं घरातून पाण्याचा तांब्याही आणला, जसं घर त्याचंच.

बाईंनी पाटीकडं बघितलं. नवे खिळे उन्हात चमकत होते. मग वाघरीकडं बघितलं. एडका दोरीला हिसके देत होता, लेंड्यांचा वास उन्हात दाटला होता.

"सिद्धराम बिरदेव कोण?"

"मी."

"ही कंपनी तुमची?"

सिद्धरामानं तोंड उघडायच्या आत रुद्रप्पा म्हणाला, "व्हय की मॅडम, त्येंचीच. मी हिशेब बघतोय. गोडाऊन दुधनीला—"

"मी त्यांना विचारलंय." बाई बाजेच्या कडेवर बसल्या. "मार्चमध्ये तुम्ही एकशे वीस टन सळई विकली. कुठून आणली होती?"

सिद्धरामाची नजर रुद्रप्पाकडं गेली, तिथून बायकोकडं. आजूबाजूच्या घरांतली माणसं भिंतीच्या सावलीला येऊन उभी राहिली होती.  सुकन्यानं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"बोला. तुमच्या नावावर छत्तीस लाख थकलेत. उद्या जप्तीची वेळ आली तर मी तुमच्याच दारात येणार."

वाघरीपाशी बिरदेवची काठी खाली पडली. त्याला वाकून ती उचलता येईना. मेंढ्यांच्या मधे उभा राहून तो नुसता पोराकडं बघत होता.

सिद्धरामानं सदऱ्याची बटणं काढायला सुरुवात केली. एक बटण तुटून पडलं. सदरा काढून तो बाईंकडं पाठ करून उभा राहिला. मानेखाली कातड्याचा जाड काळा गोळा झाला होता. त्याखाली दोन्ही बाजूंना पोत्यांच्या घासण्यानं पडलेले, भरलेले, पुन्हा पडलेले वण.

"मी सळई विकली न्हाय, बाईसाब. वाहिलीया. टन-टन वाहिलीया. चनमल्लप्पा मालकाच्या दुकानात अकरा वर्षं हमाल हाय मी. कंपनी त्येची. कागद माजं नेलं विम्याचं म्हणून. पाटी काल मारली ह्या दिवाणजीनं."

"खोटं बोलतोय!" रुद्रप्पा ओरडला. "मॅडम, सही त्येची हाय!"

बाईंनी पाठीकडं एकदाच बघितलं. "सदरा घाला," त्या हळू म्हणाल्या. "पाठ पंचनाम्यात लिहिता येत नाही. जबाब लिहिता येईल. पण दोन पंच लागतील, गावातले. कोण सही करतं?"

भिंतीच्या सावलीतली माणसं जागची हलली नाहीत. रुद्रप्पा एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. यातल्या बहुतेकांची तूर, उडीद चनमल्लप्पाच्याच अडतीवर जायची. एकानं तंबाखू मळायला घेतली. दुसरा बैलाला पाणी दाखवायचंय म्हणून निघून गेला. प्रभु दुकान उघडं टाकून आला होता, तोही दोन पावलं मागं सरला.

बाईंनी घड्याळ बघितलं. "कुणीच नाही?"

मग घरांच्या मधल्या बोळातून काठीचा आवाज आला. ईरप्पा एक पाय ओढत येत होता, सोजरबाईनं काखेत हात घालून त्याला धरलं होतं. ओट्यापाशी पोचायला त्याला बराच वेळ लागला. 

"पंच व्हतो मी," तो म्हणाला. त्याला दम लागला होता. "आन त्येचं लिवून झालं की माजं बी लिवा. माजी फरशीची कंपनी हाय."

रुद्रप्पानं मोटारसायकलला किक मारली. जाता जाता सिद्धरामाजवळ गाडी हळू करून म्हणाला, "पोरीचं कॉलेज गेलं. तुजं काम बी गेलं."

"ठावं हाय," सिद्धराम म्हणाला.

दुसरा पंच बराच वेळ मिळाला नाही. शेवटी प्रभु पुढं आला. हात धोतराला पुसत म्हणाला, "मशीन माज्याच दुकानात हाय. कुणाचं काय कापलं ते मला म्हाईत हाय." जबाब लिहून व्हायला तीन तास लागले. जीप गेल्यावर सिद्धरामानं पाटी उपटली. मग दाराआडचा कट्टा पाठीवर घेतला, एसटीच्या फाट्यापर्यंत चालत नेला आणि संध्याकाळी चनमल्लप्पाच्या दुकानाच्या उंबऱ्यावर टाकून आला. त्याला कुणी अडवलं नाही.

प्रवेशाच्या दिवसांत कचेरी सुट्टीच्या शनिवारीही उघडी होती. सकाळी नऊला पूनम आणि सुकन्या जबाबाची प्रत घेऊन कचेरीच्या दारात होत्या. नायब तहसीलदारांनी ती दोनदा वाचली. फोन लावले. एक वाजता म्हणाले, जबाब चालत नाही, रद्द केल्याचा आदेश लागतो. अडीचला त्यांनी पुन्हा फोन लावला. चार वाजता ते खुर्चीवरून उठून बाहेर आले आणि पूनमला म्हणाले, "बाळ, मी खरंच प्रयत्न केला."

पाच वाजेपर्यंत दोघी व्हरांड्यातून उठल्या नाहीत. पाच वाजून दोन मिनिटांनी पूनमनं मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. सुकन्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिला कळलं की पोरगी हुंदके आवरून धरतेय, पाठ नुसती दगडासारखी ताठ झाली होती.

दुधनीत सिद्धरामाला काम मिळालं नाही. तो खडी क्रशरवर जायला लागला. धुळीनं रात्री खोकायचा. बिरदेवनं चार कोकरं विकली. पूनम आजोबाबरोबर मेंढरांमागं जायची, डोक्यावर घोंगडं आणि पिशवीत पुन्हा द्यायच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक. दसऱ्याला आदेश निघाला, कंपनी रद्द झाली. रेशन त्या महिन्यापासून सुरू झालं; मागच्या महिन्यांचं मात्र गेलं ते गेलंच. ईरप्पाचं मानधन अजून अडकलेलं होतं. दाखला आला तेव्हा कॉलेजं सुरू होऊन अडीच महिने झाले होते. पूनमनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि त्यावरची तारीख पाठ करून टाकली, कारण तो मार्चपर्यंतच चालणार होता, पुढच्या प्रवेशाला नवा काढावा लागणार होता.

चनमल्लप्पाचं दुकान चालूच होतं. चौकशीही चालू होती. नऊ हमालांच्या नावानं नऊ कंपन्या निघाल्या होत्या, असं लोक म्हणत.

पौषात सिद्धरामाला साक्षीसाठी सोलापूरच्या कर कार्यालयात बोलावणं आलं. पूनम बरोबर होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात फायलींचे गठ्ठे लाल कापडात बांधून ठेवले होते. एक कारकून घाईत बाहेर आला. त्यानं सिद्धरामाचे खांदे बघितले, डोक्याचा फेटा बघितला.

"ए, हे गठ्ठे खाली रेकॉर्डला ने. चार फेऱ्या होतील."

सिद्धराम वाकलाच. हात गठ्ठ्याखाली गेला. पूनमनं त्याचा दंड धरला. तिच्या बोटांची पकड त्याला सदऱ्यातून जाणवली.

तो सरळ झाला. "मला साक्षीला बोलवलंय," त्यानं कारकुनाला सांगितलं, आणि बाकावर जाऊन बसला.

थोड्या वेळानं त्याचं नाव पुकारलं गेलं. आत त्याच अधिकारी बाई होत्या. त्यांनी खुर्ची दाखवली. लॅपटॉपवर बोटं ठेवून विचारलं, "पूर्ण नाव?" त्यानं सांगितलं. "वय?" तेही सांगितलं.

"व्यवसाय?"

 क्रशरवर सिद्धरामाला रोज काम मिळेलच असं नव्हतं. दुधनीत आता कुणी बोलावत नव्हतं.

"हमाल," तो म्हणाला.

बाईंनी टाइप केलं. सिद्धराम टेबलावर वाकला. "पोरगी वाचंल एकदा. चालंल का?"

बाईंनी पडदा फिरवला. पूनमनं त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं, "सिद्धराम बिरदेव. व्यवसाय, हमाल."

"आता म्होरचं इचारा," तो म्हणाला.